इंग्रजी गद्यलेखनातील संयोजक शब्द आणि मराठी अभ्यासक

१

इंग्रजीतून संशोधनपर लेखन करणाऱ्या मराठी अभ्यासकाची भाषा व्याकरणाच्या दृष्टीने पुष्कळदा निर्दोष असते. क्रियापदांचे काळ अचूक असतात, वाक्यरचना सरळ असते, पारिभाषिक शब्दांची निवडही योग्य असते. तरीदेखील प्रबंधाचे प्रकरण वाचून संपल्यावर वाचकास असे वाटत राहते, की विधाने पुष्कळ झाली, परंतु प्रतिपादन पुढे सरकले नाही. याच्या उलट अवस्थाही आढळते. दर वाक्याच्या आरंभी 'मोरओव्हर', 'देअरफोर', 'हाउएव्हर', 'दस' असे शब्द पहारेकऱ्यासारखे उभे असतात. आणि तरीही एका वाक्याचा दुसऱ्याशी काय संबंध आहे, हे कळत नाही. हे दोन्ही दोष वरकरणी परस्परविरोधी दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. संयोजक शब्द वाक्यांत संबंध निर्माण करतो, अशी समजूत त्यांच्यामागे असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की संयोजक शब्द संबंध निर्माण करीत नाही. विचारात आधीच असलेल्या संबंधाला तो नाव देतो, आणि असे नाव देणारा लेखक त्या नावाला बांधला जातो. मराठीत हे नाव न देता किंवा अर्धवट देऊन पुढे जाण्याच्या अनेक सोयी आहेत. इंग्रजी लेखनात त्यांतील बऱ्याच सोयी उपलब्ध नसतात. म्हणून मराठी मनाने विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याला जेथे निर्णय घ्यावा लागतो, ती स्थळे कोणती, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

प्रथम परिभाषेविषयी. मराठी व्याकरणात 'उभयान्वयी अव्यय' ही संज्ञा रूढ आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. या परंपरेतून आलेले प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन वर्ग शालेय व्याकरणापर्यंत पोहोचले आहेत. 'आणि', 'परंतु', 'किंवा' ही पहिल्या वर्गातील, तर 'कारण', 'जर', 'जरी' ही दुसऱ्या वर्गातील अव्यये होत.

इंग्रजीत या दोन वर्गांखेरीज तिसरा एक वर्ग लक्षात घ्यावा लागतो. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'नेव्हरदलेस' हे शब्द अर्थाने वाक्ये जोडतात, परंतु व्याकरणाने ती जोडत नाहीत. ती मूलतः क्रियाविशेषणे आहेत. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या आपल्या बृहद् व्याकरणात या शब्दांसाठी 'कॉन्जंक्ट' ही वेगळी संज्ञा योजली, आणि १९८५ च्या अधिक विस्तृत ग्रंथातही ती कायम ठेवली. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. 'बट' या शब्दाने दोन वाक्ये स्वल्पविरामानंतर जोडता येतात. 'हाउएव्हर'ने तशी जोडता येत नाहीत. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम यावा लागतो, आणि त्याच्यानंतर सामान्यतः स्वल्पविराम. हा स्वल्पविराम गळाला, तर कधी कधी अर्थच बदलतो, कारण स्वल्पविरामाशिवाय विशेषणाला लागून आलेला 'हाउएव्हर' म्हणजे 'कितीही'. मराठीत 'परंतु', 'तथापि', 'तरीसुद्धा' यांच्या विरामचिन्हांत असा काटेकोर भेद नसल्यामुळे आपल्या लेखकाला हे तिन्ही शब्द एकाच जातीचे वाटतात.

येथे हॅलिडे आणि हसन यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोहीजन इन इंग्लिश' या ग्रंथाचा उल्लेख आवश्यक आहे. संहितेची वीण ज्या साधनांनी साधली जाते, ती त्यांनी पाच प्रकारांत मांडली: संदर्भ, प्रतियोजन, अध्याहार, संयोजन आणि शब्दसंबंध. संयोजन हे पाचांपैकी केवळ एक आहे, ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजी लेखन शिकवताना बहुधा विसरली जाते. विद्यार्थ्याच्या हाती संयोजकांची यादी दिली जाते, आणि उरलेल्या चार साधनांविषयी मौन पाळले जाते.

३

आता मराठीच्या घडणीकडे वळू. 'पाऊस पडला तर मी येणार नाही' हे वाक्य मराठीत पूर्ण आहे. त्यात 'जर' नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. परंतु 'जर पाऊस पडला, मी येणार नाही' हे वाक्य कानाला खटकते. तीच गोष्ट 'जरी–तरी'ची. 'जरी' गाळता येतो, 'तरी' गाळता येत नाही. म्हणजे मराठीत जोडीतील दुसरा शब्द आवश्यक आणि पहिला ऐच्छिक असतो. इंग्रजीत नेमके याच्या उलट घडते: 'इफ' आवश्यक, 'देन' ऐच्छिक, 'ऑल्दो' पुरेसा, आणि त्याच्यामागून मुख्य वाक्यात 'बट' आणणे हा दोष. मराठी विद्यार्थी 'ऑल्दो'ने आरंभ करून पुढे 'बट' लिहितो, तेव्हा तो निष्काळजीपणाने लिहीत नसतो. मातृभाषेत जो शब्द अपरिहार्य आहे, तो गाळण्यास त्याचे मन तयार नसते. हे कारण समजावून दिले, तर दोष लवकर सुटतो, असा अध्यापनातील अनुभव आहे. जुन्या इंग्रजी गद्यात 'दो' आणि 'यट' यांची जोडी आढळते, हेही येथे सांगावयास हवे. मात्र त्या जोडीतील 'यट' हे क्रियाविशेषण आहे. 'बट'ला तो अधिकार नाही.

दुसरे स्थळ 'कारण' या शब्दाचे. 'तो सभेस आला नाही. कारण त्याला ताप होता.' मराठीत पूर्णविरामानंतर 'कारण'ने स्वतंत्र वाक्य सुरू करण्यास कोणाची हरकत नसते. इंग्रजीत 'बिकॉज'ने आरंभ होणारे गौण वाक्य औपचारिक लेखनात एकटे उभे राहू शकत नाही. त्याला मुख्य वाक्याचा आधार त्याच विधानात मिळावा लागतो. मराठी 'कारण' येथे इंग्रजीतील 'फॉर'ला अधिक जवळचा आहे. आधी विधान करावयाचे आणि मग त्याचे समर्थन द्यावयाचे, ही दोहोंची चाल आहे.

तिसरे स्थळ अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते केवळ मराठीपुरते मर्यादित नाही. 'ऊन'-प्रत्ययान्त धातुसाधिताची रचना भारतीय भाषांत दूरवर पसरलेली आहे. एमेनो यांनी १९५६ साली 'भाषिक क्षेत्र' म्हणून भारताची जी संकल्पना मांडली, तिला अनुसरून मॅसिका यांनी १९७६ च्या ग्रंथात ज्या लक्षणांचा भौगोलिक विस्तार तपासला, त्यांत हे धातुसाधित एक प्रमुख लक्षण आहे. हिंदीतील 'कर', बंगालीतील 'इया' किंवा 'ए' हे प्रत्यय हेच काम करतात. पुढील चार वाक्ये पाहावीत:

जेवून तो निघाला.
हसून तो म्हणाला.
औषध घेऊन तो बरा झाला.
एवढे शिकून तो अडाणीच राहिला.

पहिल्यात क्रम आहे, दुसऱ्यात रीत, तिसऱ्यात साधन किंवा कारण, चौथ्यात विरोध. प्रत्यय मात्र एकच आहे. मराठी वाचक प्रसंगावरून संबंध ओळखतो आणि लेखकाला तो उच्चारावा लागत नाही. इंग्रजीत 'आफ्टर', 'विथ', 'बाय', 'इन स्पाइट ऑफ' यांपैकी काही तरी निवडावे लागते. 'हॅविंग'ने आरंभ होणारी रचना सर्वत्र वापरून हा निर्णय टाळता येतो, असे वाटते. आणि म्हणूनच भारतीय लेखकांच्या इंग्रजीत त्या रचनेची गर्दी दिसते. परंतु त्या रचनेकडून इंग्रजी वाचक प्रामुख्याने क्रम, आणि संदर्भाने साथ दिली तर कारण, एवढेच ऐकतो. चौथ्या वाक्यातील विरोध तीतून बहुधा निसटतो.

चौथे स्थळ 'मात्र' हे अव्यय. 'शिष्य निघून गेले. गुरू मात्र थांबले.' येथे 'मात्र' ज्या शब्दाच्या मागे आला, त्यावर विरोधाचा भर पडला. नेमके हेच काम इंग्रजीत कर्त्यानंतर दोन स्वल्पविरामांमध्ये आलेला 'हाउएव्हर' करतो. आरंभी आलेला 'हाउएव्हर' सबंध वाक्याला विरोधात उभे करतो. कर्त्यानंतरचा केवळ कर्त्याला. हा स्थानभेद मराठी लेखकाला उपजतच समजावयास हवा, कारण 'परंतु' आणि 'मात्र' यांतील अंतर तो रोज पाळतो. प्रत्यक्षात तो 'हाउएव्हर' नेहमी आरंभी ठेवतो, कारण शाळेत त्याला वाक्याच्या आरंभी 'बट' लिहू नये असे सांगितलेले असते, आणि 'बट'ची रिकामी जागा त्याने या भारदस्त शब्दाने भरून काढलेली असते. वस्तुतः इंग्रजीतील उत्तम गद्यकार वाक्यारंभी 'बट' निःसंकोच योजतात. आरंभी 'बट' आणि मधे 'हाउएव्हर', एवढी एक सवय लावून घेतली, तरी लेखनाचा सूर बराच सुधारतो.

४

समानार्थी मानलेल्या शब्दांनीही फसगत होते. मराठी 'उलट' घेऊ. 'तो श्रीमंत नव्हता. उलट कर्जबाजारी होता.' आणि 'देशावर पाऊस थोडा; उलट कोकणात उदंड.' पहिल्या वाक्यात एका विधानाचा निषेध करून त्याच वस्तूविषयी विरुद्ध विधान केले आहे. येथे 'ऑन द कॉन्ट्ररी' योग्य. दुसऱ्यात दोन भिन्न वस्तूंची तुलना आहे आणि दोन्ही विधाने खरी आहेत. येथे 'बाय कॉन्ट्रास्ट' किंवा 'ऑन द अदर हॅन्ड' हवे. दुसऱ्या ठिकाणी 'ऑन द कॉन्ट्ररी' लिहिले, तर लेखक आपलेच पहिले विधान खोडून काढीत आहे असा भास होतो. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासात ही चूक क्षुल्लक नसते. दोन भाषांतील भक्तिकाव्याची तुलना करणारा लेखक एकाविषयीचे विधान मागे घेतो आहे, की दुसऱ्याविषयी वेगळे विधान करतो आहे, हे वाचकाला त्या एका शब्दावरूनच ठरवावयाचे असते.

'शिवाय' आणि 'मोरओव्हर' यांचेही तसेच आहे. 'शिवाय'ने केवळ भर घालता येते. 'मोरओव्हर'कडून अपेक्षा अशी असते, की आधीच्याच निष्कर्षाकडे नेणारे आणखी एक, बहुधा अधिक वजनदार, प्रमाण पुढे येत आहे. कवीचे जन्मस्थान सांगून झाल्यावर त्याच्या ग्रंथांची संख्या सांगताना 'मोरओव्हर' लिहिण्यात काही स्वारस्य नाही, कारण तेथे सिद्ध करावयाचे असे काहीच नसते. 'सिन्स', 'ॲज' आणि 'व्हाइल' हे शब्द काळही दाखवतात आणि कारण किंवा विरोधही. जेथे दोन्ही अर्थ संभवतात, तेथे 'बिकॉज' किंवा 'व्हेअरॲज' लिहून संदिग्धता टाळावी.

५

सर्वांत मोठी जबाबदारी 'म्हणून' या शब्दाच्या भाषांतरात आहे. 'म्हणून' हे 'म्हणणे' या धातूचेच 'ऊन'-प्रत्ययान्त रूप होय. ज्ञानेश्वरीत ते 'म्हणौनि' या जुन्या रूपात वारंवार भेटते. 'येतो म्हणून गेला' यातील 'म्हणून' अजून उक्तीचा आहे. 'ताप आला म्हणून तो कामावर गेला नाही' या वाक्यात तो कारणाचा झाला आहे. परंतु त्यात उक्तीची छटा अगदीच लोपलेली नाही. ते कारण वक्त्याचे आहे, की त्या मनुष्याने दिलेले, हा प्रश्न मराठीत काहीसा मोकळा राहू शकतो. 'देअरफोर'मध्ये असा मोकळेपणा नाही. 'देअरफोर' लिहिणारा स्वतः अनुमान काढतो आणि त्या अनुमानाचे उत्तरदायित्व पत्करतो.

वाङ्मयेतिहासात याचे परिणाम दूरवर जातात. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मराठीत ती 'आणि याच वर्षी' अशा शब्दांनी शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि वाचक काळाचा योग ध्यानात घेऊन पुढे जातो. इंग्रजीत परिच्छेदाला गती यावी या हेतूने त्यांच्यामध्ये 'कॉन्सिक्वेन्टली' किंवा 'दस' घातला, तर विद्यापीठीय शिक्षणातून ही कादंबरी उत्पन्न झाली, असा सिद्धान्त नकळत प्रस्थापित होतो. तो उघडच असंभवनीय आहे: ज्या वर्षी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी त्याच्या शिक्षणाचे फळ छापून बाहेर पडणे शक्य नव्हते. कादंबरीची प्रेरणा लेखकाच्या ख्रिस्ती सुधारणावादी भूमिकेत आणि विधवांच्या दुःस्थितीविषयीच्या त्याच्या चिंतेत शोधावी लागते. येथे सनावळी चुकलेली नाही, नावे चुकलेली नाहीत. चुकला आहे तो केवळ एक संयोजक, आणि त्याने इतिहास बदलला आहे.

प्रस्तुत लेखकाकडूनही असा प्रमाद घडलेला आहे. अनेक वर्षांपूर्वी एका मराठी समीक्षकाच्या निबंधाचा इंग्रजी अनुवाद करताना एका कवीविषयीची तीन छोटी वाक्ये समोर आली. घर गेले, गाव सुटले, कवितेत नदी आली, असा त्यांचा आशय होता. तिन्ही वाक्ये सुटी होती. इंग्रजीत ती तुटक वाटतील या भयाने मी तिसऱ्याच्या आरंभी 'ॲज अ रिझल्ट' हे शब्द घातले. अनुवाद वाचला गेला, आणि विस्थापनातून नदीची प्रतिमा जन्मली हे त्या समीक्षकाचे मत म्हणून दुसऱ्या एका लेखात उद्धृत झाले. समीक्षकांना ते कळले, तेव्हा ते रागावले नाहीत. "हे मी म्हटलेले नाही, कारण मला ते ठाऊक नाही, ठाऊक असते, तर मीच लिहिले असते," एवढेच ते म्हणाले. सुटी वाक्ये ही त्यांची शैली नव्हती. ती त्यांची सावधगिरी होती. तिचे भाषांतर करणे माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते.

६

संयोजकाचे मोल किती असू शकते, हे आपल्या परंपरेला नवे नाही. ब्रह्मसूत्रांतील पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौथ्या सूत्रात 'तु' हे एक अव्यय आहे. पूर्वपक्षाची व्यावृत्ती करण्यासाठी ते आले आहे, असे शंकराचार्य भाष्यात सांगतात. म्हणजे न उच्चारलेला एक संपूर्ण पक्ष त्या एका अक्षरामागे उभा आहे, आणि ते अक्षर त्याला बाजूला सारते.

आधुनिक मराठीत याचे एक ठळक उदाहरण ग्रंथाच्या नावातच सापडते. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. या नावाचा आरंभच 'पण'ने होतो. संयोजकाला दोन पक्ष लागतात; येथे पहिला पक्ष नावात नाही. सांगणारे सांगत आहेत, सोसणाऱ्या सोसत आहेत, असे काही तरी त्या 'पण'च्या आधी घडून गेलेले आहे, आणि यमूचे सबंध आत्मकथन हाच तो वगळलेला पूर्वपक्ष होय. या नावाचे इंग्रजी करताना आरंभीचा 'बट' अनावश्यक समजून गाळला, तर केवळ एक उद्गार उरतो. त्याच्या जागी 'हाउएव्हर' घातला, तर बोलणाऱ्या बाईचा आवाज जाऊन प्रबंधकाराचा आवाज येतो. 'पण'चे वजन आणि त्याची बोली पातळी या दोन्ही गोष्टी 'बट'च राखू शकतो.

७

शेवटी लेखनाच्या व्यवहाराविषयी थोडेसे. आपला इंग्रजी मजकूर पुरा झाल्यावर त्यातील सर्व संयोजक एकदा पेन्सिलीने खोडून वाचून पाहावा. जेथे काहीच बिघडले नाही, तेथे तो शब्द अनावश्यक होता. जेथे अर्थ दुभंगला, तेथे तो आवश्यक आहे. तो परत ठेवावा. आणि जेथे संयोजक ठेवूनही दोन वाक्यांचा संबंध सांगता येत नाही, तेथे दोष शब्दाचा नसून विचाराचा आहे. त्या ठिकाणी लेखणी थांबवून पुन्हा मूळ साधनांकडे गेले पाहिजे.

खोडलेल्या जागी पुष्कळदा दुसरे साधन अधिक उपयोगी पडते. आधीच्या वाक्यातील क्रियेला नाम देऊन पुढील वाक्य त्याने सुरू करावे. कवीने राजाश्रय नाकारला असे सांगितल्यावर पुढील वाक्य 'दस'ने उघडण्यापेक्षा 'धिस रिफ्यूजल' या शब्दांनी उघडले, तर दोन वाक्ये आपोआप सांधली जातात, आणि कोणताही अप्रमाणित कार्यकारणभाव लादला जात नाही. मराठीत 'हा नकार' म्हणून आपण हेच करतो. तसेच महत्त्वाची संज्ञा दर वाक्यात बदलून लिहिण्याचा मोह आवरावा. एकाच संकल्पनेसाठी तीन पर्यायी शब्द योजले, तर वाचकाला त्या तीन संकल्पना वाटतात, आणि ही तूट कोणताही संयोजक भरून काढू शकत नाही. ज्ञात गोष्टीपासून वाक्याचा आरंभ करून अज्ञाताकडे जावे, हा क्रम दोन्ही भाषांना सारखाच मानवतो.

अनुवादकाला याखेरीज आणखी एक पथ्य सांगावेसे वाटते. मुळात जो संबंध उच्चारलेला नाही, तो अनुवादात उच्चारण्यापूर्वी लेखकाला तो मान्य झाला असता काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर निश्चित नसेल, तर 'ॲण्ड' लिहावे किंवा नुसता पूर्णविराम द्यावा. इंग्रजी वाचकाला ते गद्य थोडे तुटक वाटेल; परंतु जे लेखकाने म्हटले नाही, ते त्याच्या नावावर जमा होणार नाही.